‘छत्रपत’ कोरणारा हात

‘शिवरायांची नाणी’ या दोन शब्दांत मराठी व्याकरणानं एक सापळा लावून ठेवला आहे. शिवराई हे तांब्याच्या नाण्याचं नाव. त्याचं अनेकवचन शिवराया आणि षष्ठी ‘शिवरायांची’. महाराजांच्या नावाची षष्ठीही अक्षरशः तीच. त्यामुळे अनेक शिवराया विकणारा जेव्हा ‘ही शिवरायांची आहेत’ म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नाही आणि खरंही सांगत नाही. नाण्यावर एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’, भोवती ठिपक्यांचं कडं. सन नाही, टांकसाळीचं नाव नाही, आकृती बहुधा नाही. हाती आलेली बहुतेक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते. ती पुढच्या दीडशे वर्षांत कुठल्या तरी गावी, कुणा मक्तेदाराच्या भट्टीवर पाडलेली असते. बहुतेक संग्राहक हे कळल्यावर हिरमुसतात. माझ्या मते शिवराई गोळा करण्याची खरी मौज याच ठिकाणी सुरू होते. हे नाणं एका राजाचं स्मारक म्हणून जितकं बोलतं, त्याहून कितीतरी जास्त ते ठसा कोरणाऱ्या अनाम कारागिराचं काम म्हणून बोलतं. आणि त्यातही सगळ्यात जास्त बोलतात त्याच्या ‘चुका’.

आधी काळाचा प्रश्न. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला, तेव्हापासूनचा सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. होन इतका दुर्मीळ की तो संग्रहालयातच पाहायचा. अभिषेकाला आलेल्या इंग्रज हेन्री ऑक्झिंडेनच्या वकिलातीनं तहात एक कलम मागितलं होतं, मुंबईत पाडलेली नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत असं. त्यावर मिळालेलं उत्तर अर्थपूर्ण आहे: असं कलम घालायची गरजच नाही, नाण्यात जितका धातू तितकी त्याची किंमत लोक आपोआप देतात. म्हणजे नाणं हा राज्याचा शिक्का खरा, पण बाजारात त्याचा दर ठरवणारा सराफ वेगळाच. १६८९ मध्ये रायगड मोगलांकडे गेला. संभाजी महाराजांच्या नावाची ‘राजा शंभु’ नाणीही आहेत, पण ढीग सापडतो तो ‘राजा शिव’ याच मजकुराचा. पेशवाईत १७४४ च्या सुमारास नागोठणे आणि रेवदंडा इथं तांब्याचे पैसे पाडण्याचे परवाने दिले गेले, ही माहिती न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशवे दप्तरातून काढून १८९९ मध्ये मराठी राज्यातल्या नाण्यांवरच्या निबंधात मांडली. पुढे मजकुराच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली ‘दुदांडी’ शिवराई आली. ती पेशवाईच्या अखेरची आणि इंग्रजी अमलाच्या आरंभीची. एकोणिसावं शतक संपेपर्यंत मुंबई इलाख्याच्या बाजारात शिवराई चालत होती. राजा गेला, राजधानी गेली, पेशवेही गेले, तरी मजकूर तोच. यात नवल वाटण्याचं कारण नाही. कंपनी सरकारनं बंगालमध्ये आपला रुपया पाडताना बादशहा शाह आलमचं नाव ठेवलंच, शिवाय त्याच्या कारकिर्दीचं १९ वं वर्षही गोठवून ठेवलं. वर्षांमागून वर्षं गेली तरी रुपयावरचं साल १९ च. लोकांचा विश्वास ओळखीच्या चेहऱ्यावर बसतो आणि नाण्याचा चेहरा म्हणजे त्यावरची अक्षरं.

आता ही अक्षरं पहिल्यांदा कुणी बारकाईनं वाचली ते पाहण्यासारखं आहे. रेव्हरंड जस्टिन ॲबट हा अमेरिकन मराठी मिशनचा माणूस. मराठी वाचकांना त्याचं नाव आठवतं ते तुकाराम, एकनाथ, बहिणाबाई यांच्या चरित्र-काव्यांच्या इंग्रजी अनुवादांमुळे. पण त्यानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराईवर एक प्राथमिक अभ्यास लिहिला, तो मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात आला, आणि त्यासाठी त्यानं सुमारे २५,००० नाणी नजरेखालून घातली. त्यातून दीडशेच्या आसपास प्रकार वेगळे काढले. एका मिशनऱ्यानं पंचवीस हजार पैसे उलटेपालटे करून पाहावेत हे आपल्याकडे त्या वेळी वेडेपणात जमा झालं असतं. त्याच्या मायदेशात मात्र हे वेड चांगलं रुजलं होतं. फिलाडेल्फियाच्या एडवर्ड मॅरिस या डॉक्टरनं १८६९ मध्येच १७९४ सालच्या एका तांब्याच्या नाण्याचे, सेंटचे, प्रकार लावून त्यांना ‘दुहेरी हनुवटी’, ‘तरुण चेहरा’, ‘नखरेल’ अशा अर्थाची टोपणनावं दिली होती. बोस्टनच्या सिल्व्हेस्टर क्रॉसबीनं १८९७ मध्ये १७९३ च्या सेंटवर पुस्तक काढलं. एकाच वर्षाचं, एकाच किमतीचं नाणं, आणि तरी प्रत्येक ठसा वेगळा, ही गोष्ट त्या लोकांनी आपल्या आधी गंभीरपणे घेतली होती.

त्यांच्या कामाकडे पाहिलं की आपल्या शिवराईबद्दलची एक मोठी हरकत आपोआप ढिली होते. हरकत अशी: अमेरिकेच्या नाण्यांना कारागिराचं नाव आहे, म्हणून तिथं त्याच्या हाताचा अभ्यास शक्य आहे; आपल्याकडे नावच नाही, मग अभ्यास कशाचा? नावं आहेत हे खरं. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९३ मध्ये पहिले सेंट निघाले त्यांचे ठसे हेन्री व्हॉइटचे मानले जातात. त्यावर पंधरा राज्यांच्या एकजुटीची खूण म्हणून साखळी होती, आणि स्वातंत्र्यदेवतेच्या मागे साखळी कसली म्हणून वर्तमानपत्रांनी टर उडवली. मग पुष्पहाराचं चित्र आलं. मग जोसेफ राइटनं टोपीवाली देवता कोरली आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियातल्या पीतज्वराच्या साथीत तो गेला. स्कॉटलंडात जन्मलेल्या रॉबर्ट स्कॉटची नोव्हेंबर १७९३ मध्ये नेमणूक झाली, तो १८२३ पर्यंत त्या जागेवर होता. पण कुठला ठसा स्कॉटचा आणि कुठला त्याच्या मदतनीसाचा, हे नेमणुकीच्या कागदावरून कळत नाही. ते ठरवावं लागतं केसांच्या बटांच्या वळणावरून, आकड्याच्या शेपटीवरून, अक्षरांमधल्या अंतरावरून. १७९४ च्या एका वर्षात सेंटचे पन्नासच्या वर प्रकार वेगळे काढले गेले आहेत, ते सगळे नाणी पाहून. हजेरीपट पाहून नव्हे. नाव हा या अभ्यासाचा वरचा डगला आहे. आतला देह म्हणजे ठसा, आणि तो आपल्याकडेही आहे.

त्याच टांकसाळीतून निघालेल्या चुका पाहा. १७९३ च्या साखळीच्या काही सेंटांवर जागा पुरेना म्हणून देशाचंच नाव ‘अमेरि.’ असं तोडून कोरलं. १७९६ च्या एका ठशात ‘लिबर्टी’ शब्दातलं बी अक्षर आधी उलटं ठोकलं गेलं, मग त्यावरच सरळ ठोकलं, आणि ते एच दिसू लागलं. तो सेंट आज ‘लिहर्टी’ म्हणूनच ओळखला जातो. १८०१ मध्ये तर नाण्याची किंमत सांगणारा अपूर्णांक १/१०० ऐवजी १/००० असा उमटला. गणितानं ज्याला अर्थच नाही असं नाणं सरकारी टांकसाळीनं चलनात सोडलं. पगारी, नेमलेला, नाव असलेला कारागीर, तरीही हे. आणि अमेरिकन संग्राहक या नाण्यांना ‘अशुद्ध’ म्हणून बाजूला टाकत नाहीत, जास्त पैसे मोजतात. आपल्याकडे मात्र ‘छत्रपत’ किंवा ‘राजा सीव’ असं वाचलं की लगेच निकाल: कोरणारा अडाणी. काही जण त्याहून पुढे जाऊन अशा नाण्याला बनावट ठरवतात.

हा निकाल घाईचा आहे, आणि तो तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात कोंबतो. पहिली गोष्ट लिपीची. त्या काळचा दैनंदिन व्यवहार मोडीत चाले आणि मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही. ज्याचा हात मोडीवर बसला आहे त्याला ‘शिव’ आणि ‘शीव’ यांत निवड करायची असते हेच जाणवत नाही. ‘श’ आणि ‘स’ यांची अदलाबदल तर उच्चारातूनच येते. आपण ज्या शुद्धलेखनाच्या नियमांनी आज त्याला नापास करतो, ते मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे. त्यानंतर शुद्धलेखनावरून आपण शिकलेली माणसंच भांडत आलो आहोत, तेव्हा दोनशे वर्षांपूर्वीच्या सोनारावर डोळे वटारण्यात अर्थ नाही. दुसरी गोष्ट उलट कोरण्याची. नाण्यावर सरळ उमटायचं तर ठशावर अक्षर आरशातल्यासारखं कोरावं लागतं. देवनागरीत ही कसरत रोमन लिपीपेक्षा अवघड, कारण ऱ्हस्व वेलांटी उच्चारात नंतर येते पण लिहिताना आधी येते. ‘ति’ उलटा कोरायचा म्हणजे ‘त’च्या उजवीकडे दांडी, आणि तिचं वळण डावीकडे. दिवसभर ऐरणीवर वाकलेल्या माणसाची यात एकदा चूक झाली तर ती अडाणीपणाची खूण नाही, हाताच्या थकव्याची आहे. तिसरी गोष्ट नकलेची. ठसा झिजला की नवा ठसा जुन्या नाण्यावरून कोरला जाई. जुन्या नाण्यावर वेलांटीचा तुकडाच उमटला असेल तर नव्या ठशात तो तुकडा एक रेघ होतो, त्याच्या पुढच्या नकलेत ती रेघही गळते. अशा वेळी ‘पत’ हा शब्द कुणा एकाची चूक राहत नाही. तो नकलेच्या नकलेचा शेवट असतो, आणि म्हणूनच कुठलं नाणं कुणानंतर आलं हे सांगणारा साक्षीदारही.

तिन्ही कारणं एकाच नाण्यावर डोळे लावून वेगळी काढता येत नाहीत, आणि इथं शिवराई आणि अमेरिकन सेंट यांच्यात मूळचाच एक फरक आहे. सेंट यंत्राच्या दाबाखाली ठोकला जाई, कोरी चकती ठशाच्या मापाची असे, त्यामुळे एकाच नाण्यावर पूर्ण ठसा दिसतो. शिवराईत तांब्याची चकती ठशापेक्षा लहान असे. खालचा ठसा ठोकळ्यात बसवलेला, वरचा हातात धरलेला, त्यावर घणाचा घाव. घाव जिकडे कलेल तिकडचा भाग उमटेल. एका नाण्यावर ‘श्री’ अर्धी आणि ‘शिव’ पूर्ण, दुसऱ्यावर नेमकं उलट. म्हणून एकाच ठशाची पाच-सहा नाणी शेजारी मांडून, एकातला तुकडा दुसऱ्याला जोडून, तो ठसा कागदावर पुन्हा उभा करावा लागतो. संग्राहक ज्याला ‘डबल’ म्हणून देऊन टाकतो ते नाणं बहुधा त्याच्याकडे नसलेला कोपरा घेऊन निघून जातं. ‘पत’ची उदाहरणं तर या खबरदारीशिवाय मोजूच नयेत. वेलांटीचं वळण ओळीच्या डोक्यावर असतं आणि चकतीची कड बऱ्याचदा नेमकी तिथूनच जाते. अशा वेळी वर पाहू नये, उभ्या दांड्या मोजाव्यात. ‘पति’त तीन दांड्या: ‘प’ची, वेलांटीची आणि ‘त’ची, ‘त’चा आकडा दुसऱ्या आणि तिसऱ्या दांडीच्या मध्ये पडतो. ‘पती’तही दांड्या तीनच, पण आकडा पहिल्या आणि दुसऱ्या दांडीच्या मध्ये. दोनच दांड्या असतील तरच ते खरं ‘पत’. एवढ्या साध्या कसोटीनं विक्रेत्यांच्या यादीतल्या किती तरी ‘दुर्मीळ पत’ नाण्यांना त्यांची हरवलेली वेलांटी परत मिळेल.

ठसे ओळखता आले की पुढची पायरी त्यांची नाती लावण्याची. वरचा ठसा घणाचा थेट मार खातो, म्हणून लवकर फुटतो. खालचा जास्त टिकतो. एकाच खालच्या ठशाबरोबर दोन-तीन वेगळे वरचे ठसे वापरलेले दिसले तर ते सगळे एकाच भट्टीवरचे हे नक्की. खालच्या ठशाला मध्येच तडा गेला असेल, तर तडा नसलेली नाणी आधीची आणि तडा असलेली नंतरची. मग त्यात वजन मिसळायचं. सुरुवातीच्या मानल्या जाणाऱ्या जड शिवराया अकरा-बारा ग्रॅमपर्यंत जातात. दुदांडीच्या काळात आठ-नऊ ग्रॅमवर येतात. (अमेरिकन सेंटही १७९५ च्या अखेरीस १३.४८ ग्रॅमवरून १०.८९ वर आणला गेला होता; तांबं महागलं की नाणं बारीक होतं, मग प्रजासत्ताक असो की छत्रपतींचं राज्य.) पण वजन हा एकटा पुरावा नाही. शंभर-दीडशे वर्षं बोटांनी झिजलेल्या जड नाण्याचं वजन हलक्या नाण्याइतकं होऊ शकतं. अक्षर झिजलं तरी त्याचं वळण बदलत नाही, म्हणून वजनानं सुचवायचं आणि अक्षरानं ठरवायचं. दुदांडी इथं तुलनेला उपयोगी पडते: तिच्या अक्षरांची ठेवण त्या मानानं एकसारखी, रेघा नीट, मजकुराची मांडणी ठरल्यासारखी. परवान्यांच्या गोंधळातून निघालेल्या शिवरायांशेजारी ती ठेवली की एका भट्टीची शिस्त आणि अनेक भट्ट्यांचा गलबला यांतला फरक डोळ्यांना दिसतो.

हा गलबला जिथं सगळ्यात दाट असायला हवा, अशा जागांपैकी एक म्हणजे आपला सीमाभाग. एप्रिल १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोनं बेळगावचा किल्ला घेतला आणि बेळगाव इंग्रजांचं झालं. पण त्याला खेटून असलेलं शहापूर सांगलीच्या पटवर्धनांकडेच राहिलं, ते थेट १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत. पायी काही मिनिटांच्या अंतरावर दोन राज्यं. शहापूर विणकरांचं, साड्यांचं आणि सराफांचं गाव; सराफ गल्ली हे नाव आजही आहे. पश्चिमेला घाट उतरला की कोकण आणि गोवा, उत्तरेला निपाणीवरून कोल्हापूर, दक्षिणेला धारवाड. मागे आदिलशाहीचा काळ, मग मोगलांच्या कागदात बेळगावचं आजमनगर झालेलं. मराठी अमलातल्या काही रुपयांवर हे आजमनगर नाव टांकसाळ म्हणून येतं. धारवाडकडे जमीनदारांनी खाजगी टांकसाळी काढून हिणकस होन पाडायला सुरुवात केली, तेव्हा १७६५ मध्ये माधवराव पेशव्यांच्या सरकारनं त्या बंद करून धारवाडला एकच मुख्य टांकसाळ ठेवली आणि पांडुरंग मुरार यांच्याकडे ती सोपवली. रानड्यांच्या निबंधातली ही नोंद सोन्याचांदीबद्दल असली तरी या भागात नाणं पाडणं किती सैल हाती होतं ते सांगते. मग टिपूचा अमल धारवाडपर्यंत आला. त्याचे तांब्याचे पैसे हत्तीचे, टांकसाळीचं नाव आणि साल असलेले, कोरणीत इतके देखणे की त्यांच्याशेजारी शिवराई खेडवळ वाटावी. तरी तो हत्ती कोरणाऱ्याचंही नाव पैशावर नाही. मोठ्या शिस्तीच्या टांकसाळीतला कारागीर आणि नागोठण्याच्या मक्तेदाराचा सोनार, दोघांची वाट एकच.

इतकी नाणी एका बाजारात आली की त्यांची निवड करणारा माणूस लागतो, तो सराफ. तांब्याच्या पैशाचा रुपयाशी भाव कायम ठरलेला नसे. वजन, ओळख आणि हंगाम पाहून तो ठरे. विणकराच्या मजुरीतले किंवा भाजीवाल्या बाईच्या ओच्यातले पैसे कुठल्या छापाचे यावर त्यांची कमाई हलत असणार. भाषेत याचे अवशेष राहिलेत. दोन पैशांचा जाड ‘ढब्बू’ नाण्यातून गेला आणि माणसाला चिकटला, शिवाय मंडईत ढब्बू मिरची होऊन बसला. कानडीत पैशाला सर्रास ‘दुड्डू’ म्हणतात, आणि ‘दुडू’ हा मराठीतही तांब्याच्या नाण्याचा जुना शब्द. शहापुरातल्या दुकानात दोन्ही भाषा बोलणाऱ्याला हा एकच शब्द की दोन, हे सांगता यायचं नाही. तात्पर्य इतकंच की इथल्या जुन्या घरातल्या मडक्यात किंवा तांबटाच्या मोडीत सापडणारी शिवराई पुण्याच्या भट्टीची असेल, कोल्हापूरकडची असेल, कोकणातून चढलेली असेल किंवा इथलीच असेल. नाण्यावर पत्ता नाही. पत्ता अक्षरात आहे.

आता भावनेची हरकत, कारण तीच सर्वांत प्रामाणिक आहे. शिवराई अनेक घरांत देव्हाऱ्यात असते. तिला कुंकू लागतं. तिच्याकडे पाहून ‘हे महाराजांच्या हातचं नाही, कुणा सोनाराच्या हातचं आहे’ असं सांगणं कोरडं वाटेल. पण विचार केला तर पूजा होते ती नावाची, आणि ते नाव महाराजांच्या पश्चात दीडशे वर्षं, त्यांचं राज्य नसलेल्या मुलखातसुद्धा, पैशावर कोरलं जात राहिलं हेच या नाण्याचं थोर वैशिष्ट्य आहे. ते नाव टिकवलं कुणी? दरबारानं कमी आणि भट्टीवरच्या माणसांनी जास्त, कारण बाजार तेच नाव ओळखत होता. सगळ्या शिवराया राज्याभिषेकाच्या वेळच्या ठरवल्या की हा दीडशे वर्षांचा इतिहास पुसला जातो. व्यवहारातही त्याचा तोटा आहे: ‘राज्याभिषेकाची’ म्हणून दुप्पट भावानं विकली जाणारी साधी दुदांडी हा रोजचा प्रकार आहे, आणि भावना जितकी खोल तितका खिसा मोकळा. नाण्यावर दोन आडव्या रेघा स्पष्ट असताना १६७४ चा दाखला देणाऱ्याला त्या रेघांकडे बोट दाखवावं. बाकी वाद नको.

गोळा करण्याच्या पद्धतीबद्दल मात्र हातचं न राखता बोललं पाहिजे. तांब्याचं भांडं चिंच-मिठानं घासून लखलखीत करण्याची आपली सवय नाण्याला मारक आहे. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी-काळपट थर म्हणजे मळ नव्हे. तो निघाला की अक्षराची कड बोथट होते, आणि ज्या कडेवरून ठसा ओळखायचा तीच जाते. हिरवा भुरभुरीत कीट वेगळा, तो पसरत जातो म्हणून जाणकाराला दाखवावा. पण घासणी लावू नये. दुसरं, दर्जाचे आकडे. अमेरिकेत विल्यम शेल्डननं १९४९ च्या पुस्तकात तांब्याच्या जुन्या सेंटसाठी १ ते ७० अशी प्रतवारी मांडली. ती पुढे सगळ्या नाण्यांवर पसरली, आणि आता आपल्याकडेही प्लास्टिकच्या डबीत बंद केलेली शिवराई आकड्यासकट विकायला येते. ज्या नाण्यावर मुळातच अर्धा ठसा उमटतो त्याला सत्तरपैकी गुण देणं म्हणजे अर्धी प्रश्नपत्रिका फाटलेल्या मुलाची टक्केवारी काढणं. याच शेल्डनबद्दल एक गोष्ट सांगण्यासारखी आहे: अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले चांगले सेंट काढून त्यांच्या जागी हलके ठेवल्याचं त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं, आणि ते उघड झालं जुन्या छायाचित्रांशी नाणी ताडून पाहिल्यामुळे. प्रत्येक नाण्याचं दोन्ही बाजूंचं नीट छायाचित्र ही म्हणूनच हौस नाही, पुरावा आहे. साच्यात ओतलेली नकली शिवराईही त्यानंच पकडता येते. दोन ‘वेगळ्या’ नाण्यांवर घावाचा कल, चकतीची कड आणि खड्डा तंतोतंत तोच असेल, तर ती दोन नाणी नाहीत, एका नाण्याच्या दोन प्रती आहेत.

आणि शेवटी नोंद. जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असेल तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्याला कळवावं लागतं, आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या कायद्यामुळे खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. हे नियम लोकांना अडचणीचे वाटतात, आणि त्या भीतीपोटीच बहुतेक नाण्यांचं मूळ गाव लपवलं जातं. पण ठसा कोरणाऱ्याचा माग काढायला नेमकं तेच लागतं. नाशिकजवळ अंजनेरीच्या नाणकशास्त्र संस्थेनं १९८९ मध्ये महेश्वरी आणि विगिन्स यांचं मराठी टांकसाळींवरचं पुस्तक काढलं तेव्हा टांकसाळींची मोठी यादी एका जागी आली. ती यादी रुपयांच्या बाबतीत भक्कम आहे, कारण रुपयावर काही ना काही खूण असते. तांब्याच्या बाबतीत तसा नकाशा अजून भरायचा आहे, आणि तो पुण्या-मुंबईच्या लिलावातून भरणार नाही. ‘राजा सीव’चा एकच ठसा घ्या: ‘व’चं पोट चपटं, ‘राजा’तल्या ‘जा’चा काना ठिपक्यांच्या कड्याला टेकलेला. त्याची नाणी शहापूर, निपाणी, संकेश्वर, चिकोडी, खानापूर, चंदगड अशा गावांतून कुठून किती आली, हे पाकिटावर पेन्सिलनं लिहिलेलं असेल तर नकाशावर ठिपके पडत जातील. पैसा भट्टीपासून जितका दूर जातो तितका विरळ होतो. जिथं ठिपके दाटतील, त्या गावाच्या आसपास कुठल्या तरी सोनाराच्या पडवीत, आरशासारखी उलटी अक्षरं कोरत, तो बसलेला असणार.